बोटीवर परत का आलात, दुलाभाई?

दुलाभाई, त्या बाईने दिलेली कोलंबी सोललेली होती की सालासकट, यावर आपलं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. तुम्ही म्हणायचात, सालासकट, डोक्यासकट, मिशांसकट. मी म्हणायचो, सोललेली, आणि वर जाड मीठ. गेल्या रमजानमध्ये इफ्तारनंतर आपण यावरून असे काही भांडलो की आपाने आतून ओरडून विचारलं, "कोण मेलं रे?" आता तुम्ही गेलात, म्हणजे वाद मी जिंकला असं धरायला हरकत नाही. पण हुज्जत घालायला समोर माणूसच नसेल तर जिंकून करायचं काय? चला, सालासकट. तुमचंच खरं.

लोक अजून येतायत. देराहून अब्राची होडी पकडून, खाडी ओलांडून, रत्नागिरीकडची, श्रीवर्धनकडची माणसं बर दुबईतल्या तुमच्या त्या एका खोलीशी येतात, दाराबाहेरच्या चटईवर बसतात, फातेहा पढतात आणि तुमच्याबद्दल बोलतात. नेक माणूस. पाच वक्ताचा नमाजी. हाताला काय चव! सगळं खरं आहे आणि मी मान डोलावतो. पण ते ज्याच्याबद्दल बोलतात तो माणूस मला जरा जास्तच धुतलेला वाटतो, ईदच्या सकाळच्या सदऱ्यासारखा. मला आठवतो तो कोटाच्या खिशात तिखटाची डबी घालून हिंडणारा, परक्या गावात गोगलगायींच्या टोपलीपुढे उकिडवा बसलेला, आणि त्यातली एक उचलून कानाशी धरणारा.

त्याच दिवसातली एक गोष्ट विचारायची राहून गेली. म्हणजे विचारली पुष्कळदा, पण तुम्ही ताकास तूर लागू दिली नाहीत. त्या रविवारी तुम्हांला तिथेच राहता येत होतं. तुम्ही बोटीवर परत का आलात? तुम्ही माझ्या सख्ख्या बहिणीचे, आपाचे नवरे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसत्या कुतूहलाचा नव्हता. तुम्ही तिच्यासाठी परत आलात, की मी शेजारी उभा होतो म्हणून नाइलाजाने आलात, हे मला ठाऊक करून घ्यायचं होतं. इतकी वर्षं ते मनात कुसळासारखं टोचत राहिलं.

तो दिवस पुन्हा एकदा सांगतो. तुम्ही सांगायला लागलात की मला मध्ये बोलू द्यायचा नाहीत, तेव्हा आज माझी पाळी.

आपण दोघंही तेव्हा दुबईतच होतो. तुम्ही आपल्या अरब मालकाच्या, अरबाबच्या बैठकीत, म्हणजे मजलिसमध्ये, स्वयंपाकी आणि मी त्याच्या पडावांवर गोणी मोजायला. मोठ्या बोटी लांब समुद्रात उभ्या राहायच्या आणि माल पडावांतून खाडीत यायचा. अशाच एका बोटीवरचा भंडारी, म्हणजे खलाशांचा आचारी, आजारी पडून उतरला. गोरा कॅप्टन माणूस शोधू लागला आणि तुम्ही कुणाला न विचारता हात वर केलात. मी म्हटलं, "दुलाभाई, आपलं गावी जायचं ठरलंय. आपा वाट बघत असेल." तुम्ही म्हणालात, "अरे हबीबी, दुनिया गोल आहे. कुठूनही गेलं तरी दाभोळ लागणारच." मग मीही तुमच्यामागे खलाशी म्हणून चढलो. तुमचं लग्न होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती, आणि त्यात तुम्ही नवरा-बायकोने एका छपराखाली काढलेले दिवस गोळा केले असते तर भाताचा एक हंगामही भरला नसता.

असे फिरत फिरत आपण स्पेनच्या आल्मेरिया नावाच्या बंदराला लागलो. तिथे समुद्रात एक लोखंडी पूल शिरला होता आणि त्यावरून आगगाडी येऊन आपल्या बोटीच्या पोटात लाल माती ओतत होती. लोखंडाची कच्ची माती. तीन दिवसांत बोट लाल, भात लाल, तुमची दाढी लाल. तुम्ही म्हणालात, "आपण काय, रत्नागिरी भरून विलायतेला चाललोय?" मग रविवार उजाडला आणि पूल गप्प झाला. शुक्रवारी काम आणि रविवारी सुट्टी हे तुम्हांला कधीच पटलं नाही, पण सुट्टी सोडायचा तुमचा स्वभाव नव्हता. पांढऱ्या पायजम्यावर अरबाबने दिलेला काळा कोट चढवून, दाढी तीनदा धुऊन, तुम्ही नवरदेवासारखे शिडीवर उभे राहिलात. "यल्ला इब्रू, गाव बघून येऊ."

गावाच्या डोक्यावर टेकडी आणि टेकडीवर किल्ला. तुम्ही मान वर करून म्हणालात, "हा तर आपल्या दुबईचा फाहिदी किल्ला. खाऊनपिऊन मोठा झालेला." आणि तिथून पुढे तुम्ही दिसेल त्या माणसाशी अरबीत बोलायला लागलात. किल्ला अरबांचा म्हणजे माणसंही थोडीफार अरबीच असणार, असा तुमचा हिशोब. एका पोलिसालासुद्धा तुम्ही कैफ हालक, म्हणजे कसं काय, विचारलंत. त्याने आपले कागद मागितले. मी कपाळाला हात लावला.

पण तो बाजार! दुलाभाई, बाजार बघावा तर तुमच्याबरोबर. एका कोरड्या नाल्याच्या कडेने रस्ताभर चादरी पसरल्या होत्या आणि त्यांच्यावर काहीही होतं. गंजलेल्या किल्ल्या, ज्यांची कुलपं कुठे होती ते देव जाणे. एकेकटे बूट. दारं ठोठावायच्या पितळी कड्या. पिंजऱ्यांत एवढे एवढे पक्षी, आणि त्यांच्यापुढे कान लावून, कोणता जास्त चांगला गातो हे डोळे मिटून ठरवणारे म्हातारे. मी चालत होतो आणि तुम्ही थांबत होतात. विकत काही घ्यायचं नाही आणि हात लावल्याशिवाय काही सोडायचं नाही, अशी तुमची रीत. खरबूज हुंगून बघायचं, चीज नखाने खरवडून बघायचं, पितळ दाताने चावून बघायचं. एक म्हातारा वाळक्या गवताचे दोर विकत होता. तुम्ही त्यातला एक सोडवलात, मांडीवर पुन्हा वळलात, आणि मला म्हणालात, "आपल्या काथ्याच्या सुंभापेक्षा मऊ, पण पाण्यात टिकणार नाही." म्हाताऱ्याला मराठी कळलं नाही, तरी अपमान कळला. त्याने दोराची दोन टोकं तुमच्या हातात दिली आणि ओढून दाखव म्हणून खूण केली. तुम्ही लालबुंद होईपर्यंत ओढलंत. दोर तुटला नाही. तुम्ही त्याला सलाम केलात.

आणि मग त्या गोगलगायी. टोपलीभर, जिवंत, एकमेकींच्या अंगावर चढणाऱ्या. बायका शेराच्या मापाने घेत होत्या. तुमच्या तोंडाला पाणी सुटलं नाही, पण डोक्याला चालना मिळाली. "इब्रू, आपण शाफई पंथाचे. समुद्रातलं आपल्याला सगळं चालतं. शिंपली चालते. मग ही तर शिंपलीच, नुसती चालत वर आलेली. हलाल की हराम?" मी म्हटलं, "दुलाभाई, खाणार आहात का?" "छे! खायची कशाला? पण माहीत नको?" तुमचा अर्धा जन्म या "माहीत नको?" मध्ये गेला. दुबईला परत आल्यावर तुम्ही मशिदीत एका मोठ्या मौलवींना हा सवाल विचारलात आणि ते तुमच्याकडे किती वेळ नुसते बघत राहिले, ते मी विसरणार नाही.

दुपार झाली, चर्च सुटलं, आणि सगळं गाव नटूनथटून खायला बाहेर पडलं. तिथे जेवायला बसत नाहीत, उभे राहतात. एका खाणावळीच्या दारात उभं राहून चाखायचं, दुसऱ्या दारात पुन्हा चाखायचं. पोरं, म्हातारी, नवी लग्न झालेली, सगळी. आपणही एका दारात डोकावलो तर छताला डुकराच्या तंगड्या टांगलेल्या. मला वाटलं, आता तुम्ही तौबा करून मागे फिरणार. तुम्ही क्षणभर विचार केलात आणि म्हणालात, "त्यांच्या खाली नाही उभं राहायचं. बाजूला उभं राहायला काय हरकत आहे?" आणि पेले ठेवायच्या लांब फळीच्या अगदी टोकाला, जिथे वर काही टांगलेलं नव्हतं, तिथे जागा धरलीत. मालकीण आली. तुम्ही दारूची बाटली दाखवून दोन्ही कान पकडलेत. ती इतकी हसली की तिने नवऱ्याला बोलावून आणलं. मग तिने वेगळ्या पिंपातून द्राक्षाचा रस काढला, आधी स्वतः प्यायली, बाजूच्या एका पोरीला पाजला, आणि मग आपल्यापुढे ठेवला. तुम्ही हुंगलात, चाखलात, बिस्मिल्ला म्हणालात.

रसाबरोबर तिने एक बशी ठेवली. बशीत तळलेली मांदेली. आपण तर मागवली नव्हती. तुम्ही बशी पुढे सारलीत, तिने ती परत सारली. शेवटी तेल कसलं ते तुम्ही विचारलंत, हाताने, नाकाने, तिखटाच्या डबीने, जमेल तसं. तिने बाटली दाखवली आणि तिच्या भाषेतलं नाव सांगितलं, तर ते जवळजवळ तेलाचं अरबी नाव, जैतच. तुम्ही माझ्याकडे अशा नजरेने बघितलंत, जसं काही किल्ल्याचा मालकीहक्क सिद्ध झाला.

आता पुढचं तुम्ही लोकांना कधी सांगितलं नाहीत. मी सांगतो. अरबाबच्या मजलिसमध्ये कितीतरी वर्षं कहवा ओतून ओतून तुमच्या हाताला तिथली सवय लागली होती. फिंजान, म्हणजे कहव्याचा पेला, रिकामा झाला आणि आता नको असेल, तर तो दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवायचा. न हलवता पुढे केला की ओतणारा ओततच राहतो. तर तुम्ही रस संपवलात आणि ग्लास तिच्यापुढे धरून हलवलात. म्हणजे शुक्रिया, बस. तिला वाटलं, आणखी हवा. तिने भरला, आणि भरल्या ग्लासाबरोबर तिच्या रीतीप्रमाणे आणखी एक बशी आली. कोलंबी. (सालासकट.) अन्न-पाणी टाकायचं नाही म्हणून तुम्ही ते संपवलंत आणि ग्लास जरा जोरात हलवलात. तिने आणखी तत्परतेने भरला. तिसऱ्या बशीत तिसऱ्या आल्या, चौथ्या बशीत माकुल. तुमचा चेहरा रडवेला झाला. "इब्रू, ही बाई माझ्यावर चिडलीय का? हलवतोय मी, तरी ओततेय!" मला सगळं कधीच कळलं होतं. पण मी सांगितलं नाही, कारण मला भूक होती. शेवटी तुम्ही ग्लास फळीवर उपडा घातलात आणि दोन्ही हात त्यावर ठेवून उभे राहिलात. सगळी खोली हसली. आणि मग तुम्हीसुद्धा हसलात, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तुम्हांला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

यावरूनही आपला वाद राहिलाच. मी म्हणायचो, ती बशी म्हणजे धंदा. खारट द्यायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला तहान लागते आणि तो आणखी पितो. तुम्ही म्हणायचात, मेहमानी. रिकाम्या पोटी कुणी प्यायचं नाही एवढाच विचार त्यामागे. मी शिपिंग ऑफिसात क्लार्क झाल्यापासून माझा मुद्दा आणखी पक्का झाला, आणि तुम्ही म्हणायचात, "तू मालाचे मॅनिफेस्ट लिहून लिहून माणसंसुद्धा वजन करून घेतोस." असेल. पण खारट होतं, हे तुम्हीही नाकारलं नाहीत.

माकुलाने मात्र सगळा घोळ केला. ते रबरासारखं झालं होतं. गप्प खाऊन निघायचं की नाही? तुम्ही मालकाला बोलावलंत, एक तुकडा दोन्ही हातांत धरून ताणून दाखवलात आणि मान हलवलीत. मी म्हटलं, आता मार खातो. त्या मिशाळ माणसाने आतल्या चुलीकडे हात केला. म्हणजे, एवढं कळतंय तर ये आणि कर. तुम्ही कोट काढून माझ्याकडे दिलात. डुकराची भांडी तुम्ही नजरेनेच दूर ठेवायला लावलीत, कढई घासून घेतलीत, ताजं तेल ओतायला लावलंत. मग माकुलाला आडव्या-उभ्या बारीक चिरा पाडल्यात, पिठात खिशातलं तिखट मिसळलंत, आणि कढईत टाकून तोंडाने दरूदची एक दुवा म्हणेपर्यंतच ठेवलंत. ती तुमची मोजायची रीत होती. घड्याळ तुमच्याजवळ कधी नव्हतंच. पहिली बशी बाहेर गेली तेव्हा लोक खोकले. नाकं पुसली. आणि मग त्यांनी आणखी मागितली. तुम्ही संध्याकाळपर्यंत त्या चुलीपुढे होतात, आणि मी फळीच्या टोकाला तुमचा कोट घेऊन उभा.

तेव्हा मालकाने ती गोष्ट काढली. गिऱ्हाइकांत एक म्हातारा खलाशी होता, त्याला मोडकीतोडकी इंग्लिश येत होती. त्याने सांगितलं, "याचा कुक जर्मनीला गेला, फॅक्टरीत. हा म्हणतो, यू स्टे. वर खोली आहे. कागद-बिगद हा बघून घेईल." मालकिणीने पुढे होऊन तुमच्या कमरेला एक स्वच्छ ॲप्रन बांधला. तुम्ही ॲप्रनवरून हात फिरवलात. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "काय म्हणतोस इब्रू?"

मी म्हटलं, "मी काय म्हणणार? पण आपाला काय सांगू?"

तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. ॲप्रन सोडलात, घडी करून फळीवर ठेवलात. विचार करून येतो, अशी खूण केलीत. आपण बंदराकडे निघालो. रस्त्याच्या कडेला खजुराची झाडं होती आणि त्यांच्याखाली बाकडी. तुम्ही एकावर बसलात आणि मला म्हणालात, "तू हो पुढे." मी पुढे गेलो, पण दूर नाही. वळून बघितलं तर तुम्ही डोळे घट्ट मिटून बसला होतात, आणि तुमच्या कपाळावर आठ्या होत्या. दुवा मागताय असं मला वाटलं. फार वेळ बसलात. दिवे लागले. मग एकदम उठलात, आणि घाईघाईने, जवळजवळ पळतच, माझ्यापर्यंत आलात. "चल, यल्ला. बोटीवरची पोरं उपाशी असतील. भात टाकायचाय." त्या रात्री बोटीवर तुम्ही भात करपवलात. तुम्ही!

पुढे मी विचारत राहिलो. दुलाभाई, का नाही राहिलात? एकदा म्हणालात, "रोज त्या तंगड्यांच्या बाजूला उभं राहून मान अवघडली असती." एकदा म्हणालात, "तिथे तांदळाची भाकरी कोण देणार?" एकदा, "जुम्मा कुठे पढणार?" प्रत्येक वेळी नवं कारण, आणि प्रत्येक कारण चांगलं. म्हणूनच मला एकही खरं वाटलं नाही. मला वाटायचं, खरं कारण मी. मेहुण्यासमोर कोणता माणूस म्हणेल की सांग तुझ्या बहिणीला, मी येत नाही? मी तिथे नसतो तर तुम्ही आज आल्मेरियात माकुल तळत असता.

त्या सफरीनंतर तुम्ही गावी गेलात आणि पुढच्याच वर्षी आपाला दुबईत घेऊन आलात. तेव्हा बायकोला इकडे आणणारे आपल्यात किती होते? लोक म्हणाले, रशीदभाईंना वेड लागलं. पाणी गाढवावरून यायचं, पंखा नव्हता, आणि आपाची जीभ तर तुम्हांला ठाऊकच आहे. तुमच्या खोलीतून खाडीपर्यंत आवाज जायचा. मीठ कमी पडलं म्हणून भांडण, जास्त पडलं म्हणून भांडण. एक स्वयंपाकी आणि एक सुगरण एका चुलीवर, दुसरं काय होणार? मी शुक्रवारी जेवायला यायचो, तुम्हां दोघांची जुंपलेली ऐकायचो. मनात यायचं, हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे. माणूस परत आला, बायकोला आणलं, कर्तव्य केलं. पण मन तिकडे त्या ॲप्रनपाशी राहिलं. तुम्ही मधूनच आपाकडे टक लावून बघत बसायचात तेव्हाही मला तसंच वाटायचं, की नजर तिच्यावर आहे आणि माणूस दुसरीकडे.

परवा मी सामान घेऊन आपाकडे गेलो होतो. नवऱ्यामागचे दिवस पाळतेय, इद्दतमध्ये आहे, बाहेर पडत नाही. मी भाऊ म्हणून आत जाऊन बसू शकतो. तिने माकुल केलं होतं, चिरा पाडून, तुमच्या पद्धतीने. कढईपुढे उभी राहून ती पुटपुटत होती ते दरूद होतं. ते ऐकलं आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आपा, एक विचारू? दुलाभाईंना एकदा तिकडे, स्पेनमध्ये—"

"नोकरी मिळत होती," आपा म्हणाली. "मिशीवाला मालक. बायकोने ॲप्रन बांधला. ठाऊक आहे. तुला काय वाटलं, तुझे दुलाभाई पोटात गोष्ट ठेवणाऱ्यांतले होते?"

"मग मला का नाही सांगितलं? मी किती विचारलं!"

"तुला काय सांगणार? लाज वाटायची त्यांना." तिने ताट माझ्यापुढे ठेवलं. "राहायचं नक्की केलं होतं. त्या बाकड्यावर बसूनच नक्की केलं. दोन वर्षं कमवू, घर बांधू, मग बघू. आता हलिमाला काय सांगायचं, कसं सांगायचं, याचा विचार करायला लागले. आणि सांगायचं म्हणून मला डोळ्यांपुढे आणायला गेले, तर मी येईचना."

"येईना म्हणजे?"

"अरे, चेहरा आठवेना माझा. आवाज आठवला, तो काय कुणीही विसरणार नाही. बांगड्या आठवल्या, ओढणीचा रंग आठवला. पण नाक येई तर डोळे येईनात, डोळे येत तर ते माझ्या आईचे. चेहरा खलास. डोळे मिटून मिटून बघितलं, म्हणाले. मला म्हणाले, हलिमा, घाम फुटला. बाजारात दिसेल ती वस्तू मी हातात घेऊन उलटीपालटी करून बघतो, आणि लग्नाची बायको सहा वर्षांत नीट बघितली नाही. मग उठले आणि आले."

मी घास ताटात परत ठेवला.

"गावी आले ना," आपा म्हणाली, "मी चुलीपुढे भाकऱ्या थापत होते, तर हे समोर येऊन बसले. बघतायत आपले. सासू बाहेर, दीर बाहेर, आणि हे बघतायत. माझी भाकरी करपली. मी म्हटलं, काय बघता? वेड लागलं? तर म्हणतात, तुझ्या भुवईत तीळ आहे. मी म्हटलं, जन्मापासून आहे. म्हणाले, असेल, पण माहीत नको?" आपा हसली. "मग इकडे घेऊन आले. पुन्हा विसरायला नको म्हणून. भांडतानासुद्धा बघत बसायचे. मी म्हणायची, अहो, भांडताय ना, मग नीट भांडा."

दुलाभाई, मी रडलो. तुमच्या जनाज्याच्या वेळी सगळी धावपळ माझ्यावर होती, तेव्हा रडायला जमलं नव्हतं. माझ्या वाक्याने तुम्हांला परत आणलं, हे ओझं मी उगाच वाहिलं, आणि इतकं हलकं वाटत असताना रडू का आलं हे मला अजूनही नीट कळलेलं नाही. तुम्ही माझ्या बहिणीसाठी आलात. शुक्रिया. हे तोंडावर म्हणायला हवं होतं, पण तुम्ही सांगितलं असतंत तर ना!

आपाने मला रडू दिलं. मग म्हणाली, "पुरे आता. खा. आणि मला सांग, त्या दिवशी ग्लास उपडा घालून इतके हसले, तू बघितलंस ना? मी नव्हते तिथे. कसे हसले ते सांग."

मी सांगायला लागलो. पोट धरून हसले, फळीवर हात आपटला, टोपी मागे सरकली, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "आणि डोळे?"

मी आठवून बघितलं. त्या दिवसातली एकेक गंजकी किल्ली मला आठवते, पण हसताना तुमचे डोळे कसे व्हायचे ते काही केल्या आठवेना.

"डावा आधी मिटायचा," आपा म्हणाली. "मग उजवा."

तुम्हांला हे कळवायचं होतं, दुलाभाई. बर दुबईतल्या तुमच्या त्या खोलीत बघणारे तुम्ही एकटे नव्हतात.